प्रभा, पार्वती आणि लुचिया

चिऊ,

परवा शाळेतून येताना तू विचारलंस, "लुचियाची नोना, म्हणजे आजी, म्हातारी झाली तरी तीही लुचियाच आहे. मग पणजीचं नाव लग्नात काढून का घेतलं?" मी "घरी गेल्यावर सांगते" म्हटलं आणि घरी आल्यावर कुकर लावला. "काढून घेतलं" हे शब्द तुझे. ते मला लागले, आणि खोटे आहेत असंही म्हणता येईना.

आधी तुझ्या मैत्रिणीचं. लुचिया हे नाव लॅटिन 'लुक्स'वरून आलंय. लुक्स म्हणजे उजेड. सिसिलीतल्या सिराकुझा गावची ही संत. ख्रिस्ती धर्म सोडेना म्हणून रोमन बादशहा डायोक्लेशियनच्या काळात, 304 साली, तिला मारलं असं सांगतात. 13 डिसेंबर तिचा दिवस. इथले, इटलीतल्या आपल्या बेर्गामोतले म्हातारे त्याला वर्षातला सगळ्यांत छोटा दिवस म्हणतात. जुन्या कॅलेंडरात तो तसा होताही. 1582 साली त्यातले 10 दिवस गाळले आणि गणित बदललं, म्हण तेवढी राहिली. हसू नकोस, आपणही डिसेंबरात सुरू होणाऱ्या उत्तरायणाचा तिळगूळ जानेवारीतच वाटतो.

नोनाचं नाव नातीला ठेवायची रीत आपल्याकडेही आहे बरं का. फक्त सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, मग पोरीला रागावायचं कसं? म्हणून कागदावर मी पार्वती आणि घरात बेबी. आईनं मला पार्वती म्हणून कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

पण पार्वती हे आजीचं सासरचं नाव. आजोबा शंकर, म्हणून ती पार्वती. हे मला कळलं सात-आठ वर्षांची असताना, वाईच्या घरी. माळ्यावरून दिवाळीची भांडी काढली होती. एका पितळी तांब्यावर कोरलेलं होतं, "चि. सौ. कां. प्रभा हिस मामाकडून". मी विचारलं, "ही प्रभा कोण गं?" आजी म्हणाली, "ती माहेरी राहिली," आणि तव्यावरची भाकरी उलटली.

त्याच आठवड्यात भाऊबीजेला तिचा भाऊ आला. दारातूनच ओरडला, "प्रभे!" आणि आजी धावली. आमची आजी, जी कधी कुणासाठी धावायची नाही. आजोबा तर तिला दोन्ही नावांनी हाक मारत नसत, नुसतं "अगं".

तिच्यावर अन्याय झाला असं मी लिहायला बसले होते. पण ताटातल्या तांदळावर आजोबांनी अंगठीनं 'पार्वती' कसं लिहिलं, हे सांगताना ती लाजायची, तेही खरं. तिला दोन्ही हवं असेल का? मी कधी विचारलं नाही. आणि माझ्या बारशाला प्रभा हे नाव कुणाला सुचलंसुद्धा नाही. प्रभा म्हणजेही उजेडच.

माझ्या लग्नात मी नाव बदलणार नाही म्हणून ठणकावून सांगितलं होतं, आणि तरी तांदळाचं ताट हवं म्हणून हट्ट धरला. तुझ्या बाबांनी माझंच नाव पुन्हा लिहिलं, तेही रफार विसरून. फोटोत ते 'पावती' दिसतंय. तुला यातलं काही करायचं नसेल तर नको करूस, मी काही म्हणणार नाही. (म्हणेन थोडं.)

आज 12 तारीख. विया व्हेंती सेतेंब्रे रस्त्यावरच्या चर्चमध्ये, आज रात्री भेटी आणणाऱ्या सांता लुचियासाठी, तुझं पत्र ठेवून झालंय. रात्री डोळे मिटून पड, जागं राहून बघणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत सांता लुचिया राख टाकते म्हणे. तिच्या गाढवासाठी तू पाणी प्लास्टिकच्या वाडग्यात ठेवणार होतीस ना? ओट्यावर तो तांब्या काढून ठेवलाय. चिंच लावून घासलाय, अक्षरं आता नीट वाचता येतात. वाडगाच हवा असेल तर तोही चालेल.

आई