बेडिंगमध्ये ॲक्शन अडकू नये म्हणून

प्रश्न : माझ्या बोल्ट ॲक्शन रायफलला फायबरग्लासचा दस्ता बसवला आहे. स्क्रू थोडे कमीजास्त आवळले गेले तरी गोळ्या दुसरीकडे लागतात. इपॉक्सीचे बेडिंग, म्हणजे दस्ता आणि ॲक्शन यांच्यामधली जागा कडक होणाऱ्या इपॉक्सीने भरणे, घरी करता येईल का? ॲक्शन (बोल्ट आणि ट्रिगर ज्यात बसतात तो धातूचा भाग) दस्त्यात कायमची चिकटून बसेल, अशी भीती वाटते.

उत्तर : करता येईल, आणि तुमची भीतीही योग्य आहे, या कामातला बहुतेक वेळ इपॉक्सी भरण्यात नव्हे, तर ती नको तिथे जाऊ नये याची व्यवस्था करण्यात जातो. मात्र आधी दोष दस्त्यातच आहे ना, हे तपासा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढून ठेवा, नळीवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) बसवून त्याचे टोक दस्त्याच्या पुढच्या भागाला टेकवा आणि ॲक्शनचे स्क्रू एकेक करून सैल करा. काटा ०.०५ मिलिमीटरहून अधिक हलला, तर स्क्रू आवळताना ॲक्शन वाकत आहे असे समजावे.

ॲक्शन चिकटते ती दोन कारणांनी. पहिले कारण म्हणजे रिलीज एजंटचा (इपॉक्सी धातूला चिकटू न देणाऱ्या द्रव्याचा) थर कुठेतरी सुटणे. म्हणून इपॉक्सी लागू शकेल अशा प्रत्येक धातूच्या भागावर, स्क्रूच्या आट्यांवरसुद्धा, तो पातळ आणि सलग लावावा. दुसरे कारण अधिक घातक आहे. छिद्रांत आणि खाचांत शिरलेली इपॉक्सी कडक झाली की ती खुंटीसारखी अडकते, आणि तिथे रिलीज एजंटचा काहीही उपयोग होत नाही. ट्रिगर काढून घ्या, ॲक्शनची सर्व छिद्रे व खाचा प्लॅस्टिसिनने (मऊ राहणाऱ्या खेळण्याच्या मातीने) भरून सपाट करा, आणि गोल ॲक्शन असेल तर इपॉक्सी तिच्या निम्म्या उंचीच्या वर चढू देऊ नका. रिकॉइल लगच्या (ॲक्शनखालच्या, गोळी सुटतानाचा धक्का दस्त्याला देणाऱ्या उंचवट्याच्या) पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांवर टेपचा एक थर लावा. मागचा पृष्ठभाग मात्र उघडा ठेवा, कारण धक्का त्यानेच दस्त्याला द्यायचा असतो.

दस्त्याचा आतला गुळगुळीत थर खरवडून ॲसिटोनने पुसल्याशिवाय इपॉक्सी धरणार नाही. (दस्ता नायलॉनचा असता, तर इपॉक्सीला पकड मिळावी म्हणून उथळ, तिरकी छिद्रेही पाडावी लागली असती.) आत फोम असेल, तर स्क्रूच्या जागी ॲल्युमिनियमचे पिलर (स्क्रू ज्यातून जातो ती पोकळ नळकांडी) आधीच बसवून घ्या, नाहीतर आवळताना दस्ता दबत राहील.

सर्वांत जास्त चूक यानंतर होते. इपॉक्सी ओली असताना मूळ स्क्रू घट्ट आवळले, तर ॲक्शनचा वाकलेला आकारच त्या साच्यात कायम होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. त्याऐवजी बिनडोक्याचे स्क्रू केवळ दिशा देण्यासाठी लावा, नळीच्या पुढच्या भागावर टेप गुंडाळून ती मध्यभागी तरंगती ठेवा, आणि ॲक्शन स्वतःच्या वजनाने बसू द्या. फार तर रबरी नळीचा सैलसर वेढा पुरे. बाहेर आलेली इपॉक्सी मऊ असतानाच पुसा. उत्पादकाने सांगितलेला वेळ, बहुधा २४ तास, पूर्ण होऊ द्या.

इतके करूनही ॲक्शन सुटली नाही, तर पाचर घालून उचकटू नका. काही तास फ्रीझरमध्ये ठेवून नळीवर खालून रबरी हातोडीने हलके ठोके द्या; बहुतेकदा ती सुटते. मग लगवरची टेप काढा, स्क्रूची छिद्रे मोकळी करा, दस्त्याच्या उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) स्क्रू आवळा आणि डायल गेजची तपासणी पुन्हा करा. काटा तरीही हलत असेल, तर तो थर घासून काढून नव्याने भरावा लागेल.