डेव्हनमधलं जुनं कौन्सिल-घर आणि तीन वर्षांची अट

प्रश्न (पत्रातला मुख्य भाग): इंग्लंडमध्ये एक्समूरजवळ, डेव्हनमधल्या एका लहान गावात २,४०,००० पौंडांना जुनं कौन्सिल-घर, म्हणजे स्थानिक प्रशासनाने पूर्वी भाड्याने दिलेलं आणि पुढे विकलेलं घर, घेत आहोत. मी एप्रिल २०२४ मध्ये लेस्टरहून इथे आलो, घरूनच काम करतो. पत्नी १४ नोव्हेंबर २०२२ पासून बार्नस्टेपलच्या एका केअर होममध्ये नर्स आहे. मध्ये बाळंतपणाच्या रजेवर पाच महिने पुण्याला होती. ब्रोकर म्हणतो, घर आणि मॉर्गेज फक्त तुमच्या नावावर घ्या. आता सॉलिसिटर (खरेदीचं काम पाहणारी वकील) सांगते की घरावर ‘सेक्शन १५७’ची अट आहे, म्हणजे ते कौन्सिलच्या परवानगीनेच विकता येतं आणि घेणाऱ्याची या भागात कामाची किंवा राहण्याची तीन वर्षं भरलेली लागतात; विकणाऱ्यांनी कौन्सिलकडे परवानगीचा अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच टाकला आहे. एजंटचा आग्रह आहे की ३१ ऑक्टोबरला एक्स्चेंज, म्हणजे दोघांना बांधणाऱ्या कराराची अदलाबदल, करून टाका. कम्प्लिशन, म्हणजे पैसे देऊन ताबा घेणं, डिसेंबरमध्ये आहे, तोवर पत्नीची तीन वर्षं भरतील. करावं का?

उत्तर: करू नका. एजंटचा हिशेब चुकला आहे, आणि तुमचा सगळा व्यवहार त्याच हिशेबावर उभा आहे.

तीन वर्षं कम्प्लिशनच्या दिवसापासून मागे मोजायची नसतात. परवानगीचा अर्ज ज्या दिवशी केला, त्या दिवसापासून मागे मोजायची असतात. १९८५ च्या हाउसिंग अ‍ॅक्टमधल्या कलम १५७ च्या तिसऱ्या पोटकलमात हे स्पष्ट लिहिलं आहे. घर घेणाऱ्याने अर्जाच्या लगेच आधीची तीन वर्षं सलग, नेमून दिलेल्या प्रदेशात नोकरीचं ठिकाण ठेवलेलं असावं किंवा तिथे त्याचं मुख्य घर असावं. तुमच्या पत्नीची तीन वर्षं १४ नोव्हेंबर २०२५ ला भरतात. ऑक्टोबरमधला अर्ज त्या अटीत बसत नाही, मग कम्प्लिशन डिसेंबरमध्ये करा नाहीतर मार्चमध्ये. विकणाऱ्यांना तो मागे घ्यायला सांगा आणि १४ तारखेनंतर दोन-चार दिवस सोडून नवा टाकायला सांगा. अटीत बसणाऱ्या माणसाला कौन्सिल नाही म्हणू शकत नाही. न बसणाऱ्याला परवानगी द्यायची की नाही, हे मात्र त्यांच्या मर्जीवर असतं. पाच-सहा आठवड्यांच्या घाईसाठी तुम्ही हक्काची परवानगी सोडून मर्जीची मागायला निघाला होतात.

दुसरी गोष्ट नावाची. घर दोघांच्या नावावर घेतलं तर दोघांपैकी एकाने अट पुरी केली तरी पुरतं. तुमच्या एकट्याच्या नावावर घेतलं तर तुमची तीन वर्षं एप्रिल २०२७ मध्ये भरणार. म्हणजे ब्रोकरने सुचवलेल्या वाटेने गेलात तर पत्नीची नोकरी तुमच्या काहीच कामाची नाही. तिचं नाव ट्रान्सफरवर, म्हणजे मालकी बदलण्याच्या दस्तावर, हवंच. तिच्या व्हिसामुळे संयुक्त मॉर्गेजला कोणता लेंडर तयार होईल हे लेंडरप्रमाणे बदलतं, आणि कलम १५७ च्या घरांवर काही लेंडर कर्ज देतच नाहीत. या दोन्ही गोष्टी ब्रोकरने लेंडरला आधीच लेखी कळवाव्यात.

अट मोडून झालेली विक्री कायद्याने ‘व्हॉइड’ असते, म्हणजे मुळातच नसल्यासारखी. दंड भरून ती नियमित होत नाही. लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्यात बी भागात, मालकाच्या नावाखाली, बहुधा एक निर्बंध लिहिलेला असतो, आणि कौन्सिलची संमती नसेल तर तुमचं नाव चढत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकाना न वाचता जमिनीचा इसार देणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. लँड रजिस्ट्रीचा उतारा ७ पौंडांत घरबसल्या मिळतो. तुम्ही आधी सर्व्हेचे पैसे भरले, मॉर्गेजची फी भरली, आणि सॉलिसिटरने पाठवलेली चाळीस पानं तीन आठवडे उघडली नाहीत. याबद्दल मी रागावून लिहितो आहे, कारण हीच चूक सांगणारी पत्रं वरचेवर येतात, आणि बरीचशी एक्स्चेंज झाल्यानंतर येतात. तेव्हा १० टक्के इसार, तुमच्या बाबतीत २४,००० पौंड, अडकलेला असतो. इंग्लंडमध्ये एक्स्चेंजपर्यंत कुणीच बांधील नसतं. तो मोकळेपणा एजंटच्या तारखेसाठी सोडू नका. एक्स्चेंज संमतीपत्र हातात आल्यावर करा. विकणारे अडूनच बसले तर ‘संमती न मिळाल्यास इसार परत’ असं कलम करारात घालून घ्या.

आता पुरावा, आणि इथे तुमची बाजू वाटते तितकी भक्कम नाही. तुम्ही पत्नीचे पी-६० (मालकाकडून मिळणारे वर्षाच्या पगाराचे आणि कराचे दाखले) जोडायचं म्हणता. त्यावर मालकाचा पत्ता असतो, आणि अनेक केअर होमची मालक कंपनी दुसऱ्याच शहरात असते. कायदा विचारतो तो नोकरीच्या ठिकाणाबद्दल. म्हणून मॅनेजरकडून सहीचं पत्र घ्या. त्यात रुजू झाल्याची तारीख, ती ज्या इमारतीत ड्युटी करते तिचा पोस्टकोडसकट पत्ता, आणि बाळंतपणाच्या रजेत नोकरीचा करार अखंड होता हे वाक्य, या तिन्ही गोष्टी असाव्यात. सोबत मूळ करार, रजेची मंजुरी आणि प्रत्येक वर्षातल्या चार-पाच महिन्यांचे ड्युटीचे तक्ते जोडा.

पुण्यातले ते पाच महिने कौन्सिल विचारू शकतं. करार चालू होता तर नोकरीचं ठिकाणही चालू होतं, असं माझं मत आहे, पण कौन्सिलचा अधिकारी तसंच धरेल याची हमी देत नाही. कायद्यात काही महिने नोकरीवर आणि काही महिने राहत्या घरावर असं मिळून तीन वर्षं भरण्याची सोय आहे, म्हणून घराचेही कागद जमवा. इथे तुमचा निष्काळजीपणा आड येतो. घरमालक कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) स्वतः भरतो म्हणून तुमच्या नावाचं एकही बिल नाही. मतदार यादीत दोघांचंही नाव नाही. वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून इथे मतदार होता येतं, आणि राहत्या घराचा तो चांगला दाखला असतो. आज नाव घातलंत तर मागची वर्षं भरून निघणार नाहीत, तरी घाला. जुन्यासाठी भाडेकरार, बँकेची स्टेटमेंट आणि जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी केल्याचं पत्र चालवून बघा. बार्नस्टेपल त्या नेमलेल्या प्रदेशात मोडतं, हे सॉलिसिटरने कौन्सिलकडून ईमेलवर घ्यावं. फोनवरचं ‘हो’ पुरे नाही.

स्टँप ड्युटीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण तिथे मोठा खड्डा आहे. पत्नीच्या नावावर कोथरूडला फ्लॅट आहे. त्यामुळे ‘पहिलं घर’ ही सवलत गेली, कारण ती दोन्ही खरेदीदारांनी जगात कुठेच घर घेतलेलं नसेल तरच मिळते. शिवाय परदेशातलं, ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचं घरही मोजलं जातं आणि संपूर्ण रकमेवर ५ टक्के अधिभार लागतो. नेहमीची ड्युटी २,३०० पौंड, अधिभार १२,००० पौंड, एकूण १४,३०० पौंड. पत्नीचं नाव वगळूनही हे टळत नाही, एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला कायदा एकच धरतो. फ्लॅट वारसाहक्काने आलेला असेल किंवा त्यात तिचा फक्त हिस्सा असेल तर उत्तर बदलू शकतं, तेव्हा त्याची कागदपत्रं सॉलिसिटरला द्या.

घर घेतल्यावर कलम १५७ ची अट तुमच्यावरही चालू राहते. उद्या विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक त्याच तीन वर्षांच्या अटीत बसणारं हवं, म्हणून किंमतही मोकळ्या घरापेक्षा कमीच धरा. तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात तर अटीत न बसणाऱ्याला लेखी परवानगीशिवाय भाड्याने देता येणार नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाने मुलांकडे जायला मात्र अडचण नाही.

बाकीचं थोडक्यात. सर्व्हेयरला विचारा की घर कॉर्निश युनिट किंवा एअरी पद्धतीचं काँक्रीटचं आहे का. असेल तर अनेक लेंडर मागे हटतात. मैला सेप्टिक टँकमध्ये जात असेल आणि तो टँक थेट ओढ्यात सुटत असेल तर ते १ जानेवारी २०२० पासून चालत नाही. बदलायचा खर्च कोणाचा, हे एक्स्चेंजआधी ठरवा.

आज सॉलिसिटरला दोन ओळी लिहा: जुना अर्ज मागे, नवा अर्ज १७ नोव्हेंबरला, दोघांच्या नावाने. आणि ती चाळीस पानं उघडा. त्यातल्या सी भागात कुंपण, मागची वाट आणि सामाईक गटार यांबद्दलचे करार असणार. त्यातली गटाराची देखभाल कोणाकडे आहे, तेवढं मला कळवा.