प्रोग्रामच्या फाइल्स कुठे ठेवायच्या, आणि जागा बदलायचं सेटिंग यूजरला द्यायचं का?

तुमचं टूल यूजरच्या होम फोल्डरमध्ये स्वतःचं डॉट फोल्डर (नावाच्या सुरुवातीला टिंब असलेलं लपलेलं फोल्डर) बनवतं, लोक तक्रार करतायत, म्हणून जागा निवडायचं सेटिंग द्यावं का असं विचारलंय तुम्ही. माझं मत, आधी डिफॉल्ट नीट करा. बहुतेक लोक सेटिंग्ज उघडतच नाहीत, तुम्ही जिथे टाकाल तिथेच त्यांच्या फाइल्स वर्षानुवर्षं पडून राहणार.

लिनक्सवर ही जागा ठरलेली आहे, एक्सडीजी बेस डिरेक्टरी स्पेसिफिकेशन, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवायची याचे सगळ्यांनी मिळून पाळायचे नियम, 2003 पासूनचे. यूजरच्या सेटिंग्ज डॉट कॉन्फिगमध्ये, डेटा डॉट लोकलमधल्या शेअरमध्ये, जे परत बनवता येतं ते (कॅश) डॉट कॅशमध्ये, आणि 2021 मध्ये लॉग-हिस्टरीसाठी स्टेट नावाची अजून एक जागा आली. ही वाटणी उगाच नाहीये हो, कॉन्फिग (सेटिंग्जच्या फाइल्स) लोक गिटमध्ये, म्हणजे फाइल्समधले बदल जपणाऱ्या टूलमध्ये, टाकून दुसऱ्या लॅपटॉपवर नेतात, डेटाचा बॅकअप घेतात आणि डिस्क भरली की कॅश डोळे झाकून उडवतात, तुम्ही सगळं एकाच फोल्डरात कोंबलंत तर यातलं एकही काम धड होत नाही, चार ओळींच्या कॉन्फिगपायी सगळी कॅश बॅकअपमध्ये जाते.

आणि यूजरची निवड त्यातच आहे की! ज्याला जागा बदलायचीय तो एक्सडीजीचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये एकदा ठरवायची, सगळ्या प्रोग्रामना वाचता येणारी नावं-किमती) सेट करतो आणि हे नियम पाळणारे सगळे प्रोग्राम एकदम ऐकतात. फक्त कोडमध्ये एक बघा, व्हेरिएबल सेट आहे पण रिकामा आहे, तरी डिफॉल्टच घ्यायचा, नाहीतर पॅथ (फाइलचा पत्ता) जोडताना थेट रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरात, फोल्डर बनवायला जाल. रिलेटिव्ह पॅथ (रूटपासून न सुरू होणारा अर्धवट पत्ता) आला तर तो सोडून द्यायचा, स्पेसिफिकेशनमध्येच तसं लिहिलंय.

कॉन्फिग फाइल कुठे आहे हे कॉन्फिग फाइलमध्येच लिहायला लावणं म्हणजे पेटीची किल्ली पेटीत ठेवणं, त्यासाठी कमांड लाइनवर एक फ्लॅग (कमांडसोबत टाइप करायचा पर्याय) द्या, पुरे. डेटाचं मात्र वेगळं. फोटो, गाणी, मोठे डेटासेट असतील तर लोकांना ते दुसऱ्या डिस्कवर हवे असतात, तिथे सेटिंग द्यायलाच हवं.

जुन्या यूजरच्या फाइल्स न विचारता हलवू नका प्लीज, त्यांच्या स्क्रिप्ट्स त्या पॅथवर चालत असतात. गिटने 2012 मध्ये काय केलं ते बघा: नवीन जागा वाचायला लागलं, पण होममधली जुनी गिटकॉन्फिग फाइल असेल तर तीही वाचतं, आणि दोन्हीकडे तीच सेटिंग असली तर जुन्या फाइलचं चालतं. कुणाचंच काही मोडलं नाही.

विंडोज आणि मॅकच्या जागा वेगळ्या आहेत, त्या हाताने लिहीत बसू नका. पायथॉन असेल तर प्लॅटफॉर्मडर्स लायब्ररी वापरा, ती प्रत्येक सिस्टिमची योग्य जागा सांगते. आणि सगळे पॅथ छापून दाखवणारी एक छोटी कमांड द्याच, बग रिपोर्टमध्ये "कुठली फाइल वाचली जातेय" हे विचारण्यात निम्मा वेळ जातो.