काळजी आणि पहारा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली असून मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, मी १७ वर्षांची असून बारावीत आहे. भांडुपहून माटुंग्याला महाविद्यालयात जाते. क्लासमधल्या एका मुलाशी माझे गेल्या दिवाळीपासून जुळले आहे. तो हुशार आहे, मला अभ्यासात मदत करतो. पण रोज सकाळी घरातून निघताना मी त्याला व्हॉट्सॲपवर आठ तासांचे लाइव्ह लोकेशन पाठवायचे, असे त्याने ठरवून दिले आहे. माझ्या इन्स्टाग्रामचा पासवर्डही त्याच्याकडे आहे. पाचवीपासूनची माझी मैत्रीण विक्रोळीला गाडीत चढते. ती माझे कान भरते असे त्याला वाटते, म्हणून हल्ली मी दुसऱ्या डब्यात बसते. जुलैत कुर्ल्याला रुळांवर पाणी भरले तेव्हा आमची गाडी पाऊण तास उभी होती आणि माझा फोन बंद पडला. घरी येऊन चार्ज केला तर त्याचे १७ कॉल आलेले. मी फोन लावला, तर त्याचा पहिला प्रश्न होता, "कोणाबरोबर होतीस?" मी रडले, मग त्याने माफी मागितली. काही दिवस थांबू या असे मी म्हणाले की तो म्हणतो, "तू गेलीस तर मी जिवाचे बरेवाईट करून घेईन." प्रेम आहे म्हणूनच तो असा वागतो ना?
(एक वाचक, भांडुप)

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या पहिल्या प्रश्नापाशी थांबले. कुर्ल्याला पाणी भरले आहे, गाड्या अडकल्या आहेत, तुझा फोन लागत नाही, अशा वेळी ज्याला तुझी काळजी असते त्याच्या तोंडून आधी "पोहोचलीस ना?" असे येते. तुझ्या आईने त्या संध्याकाळी काय विचारले असेल ते आठवून पाहा. "कोणाबरोबर होतीस?" या प्रश्नात तू सुखरूप आहेस की नाही याची विचारपूस नाही, तुझ्यावरचा संशय आहे.

त्याचे प्रेम खोटे आहे असे मी म्हणणार नाही. या वयात आवडलेले माणूस दुरावेल ही भीती फार तीव्र असते आणि त्या भीतीपोटी मुले, आणि मुलीसुद्धा, एकमेकांवर पहारा ठेवू लागतात. परंतु पहाऱ्याने संशय कधी शमत नाही. नकाशावरचा ठिपका माटुंग्याला दिसला की त्याला घटकाभर बरे वाटते, आणि तोच ठिपका घाटकोपरला दहा मिनिटे थांबला की नवा प्रश्न उभा राहतो. आज लोकेशन दिलेस, पासवर्ड दिलास, मैत्रीण सोडलीस. उद्या कपड्यांविषयी, परवा वर्गातल्या मुलांशी बोलण्याविषयी मागणी येईल, कारण प्रत्येक वेळी तू दिलेले त्याला अपुरेच पडणार आहे.

तुझ्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट मला पासवर्डची वाटली नाही, डबा बदलल्याची वाटली. पाचवीपासूनची मैत्रीण, जी कदाचित विक्रोळीला चढल्यावर तुला शोधत असेल, तिला टाळण्यासाठी तू फलाटावर पुढे चालत जातेस, हे वाचून मला वाईट वाटले. चांगल्या नात्यामुळे माणसाचा गोतावळा वाढतो, निदान आहे तो तरी टिकतो. ज्या नात्यासाठी एकेक माणूस सोडावे लागते, त्या नात्यात काही बिनसले तर ते सांगायलाही शेवटी कोणी उरत नाही. म्हणून पहिले काम हे कर : उद्या सकाळी तुझ्या नेहमीच्या डब्यात चढ. तिला एकदम सगळे सांगितले नाहीस तरी चालेल, "माझे चुकले" एवढे पुरेसे आहे.

दुसरे काम थोडे धीराचे आहे. त्याला शांतपणे सांग, "मी रोज लोकेशन पाठवणार नाही, पोहोचले की कळवत जाईन." इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदल, बाकीच्या सर्व फोनवरून आपले खाते लॉग आउट कर आणि टू-फॅक्टरची, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड विचारण्याची, सोय सुरू कर. मग तो कसा वागतो ते पाहा. एखादा दिवस तो रुसला, भांडला आणि पुढे त्याने तुझे म्हणणे मानले, तर या नात्यात बोलायला जागा आहे असे समज. तो धमकावू लागला, चारचौघांत अपमान करू लागला किंवा त्याने हात उगारला, तर यापुढे त्याला एकटीने भेटू नकोस आणि घरच्या ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्याला त्याच दिवशी सांग. घरी सांगणे अशक्य वाटत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. १८ वर्षांखालील कोणीही तेथे स्वतः फोन करू शकते.

आता जिवाचे बरेवाईट करून घेण्याविषयी. हे वाक्य धमकीचे आहे की खऱ्या निराशेचे, हे तू ठरवू शकणार नाहीस आणि ठरवण्याचा प्रयत्नही करू नकोस. ते खरे मान आणि त्याच्या आईवडिलांना, मोठ्या भावंडाला किंवा क्लासमधल्या सरांना लगेच कळव. ही चुगली होत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत समुपदेशन मिळते आणि तेथे मराठीतून बोलता येते. तो क्रमांक त्याला दे, आणि तुला जड वाटत असेल तर तू स्वतःही लाव. मात्र त्याला जिवंत ठेवण्यासाठी नात्यात राहणे हे तुझे काम नाही. १७ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर एवढे ओझे कोणीही ठेवू नये.

प्रश्न : मी १६ वर्षांचा आहे, लालबागला राहतो. आमच्या लेझीम पथकातल्या एका मुलीला मी मनातले सांगितले. ती म्हणाली, "मला तसे काही वाटत नाही, आपण मित्रच राहू." चाळीतले मित्र म्हणतात की मुली आधी नाहीच म्हणतात, मागे लागलास तर हो म्हणेल. मी काय करू?
(एक वाचक, लालबाग)

उत्तर : तिने तुला सरळ आणि सभ्य उत्तर दिले आहे, तेव्हा त्याचा अर्थ लावायला मित्रांची गरज नाही. नाही म्हणजे नाही. नकारानंतरही एखाद्या मुलीच्या मागे मागे जाणे, वारंवार संदेश पाठवणे, ती समाजमाध्यमांवर काय करते यावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा त्या पथकाची अधिक काळजी वाटते. तू मागे लागलास तर ती सरावाला येणे बंद करील आणि तिला आवडणारी एक गोष्ट केवळ तुझ्यामुळे तिच्या हातून जाईल.

तुला वाईट वाटणे अगदी साहजिक आहे आणि त्यात कमीपणा नाही. काही दिवस सरावात दुसऱ्या रांगेत उभा राहा, तिला आपणहून संदेश पाठवू नकोस. मैत्री लगेच जमत नसेल तर तसे सांगून थोडे अंतर ठेवलेस तरी चालेल. मात्र मैत्रीच्या आडून पुन्हा तेच विचारायचे नाही. आणि चाळीतल्या मित्रांना एकदा ठणकावून सांग की हा विषय संपला आहे. तू मनातले धीटपणे बोललास हे मला आवडले. तिनेही तितक्याच धीटपणे उत्तर दिले.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. ती आंघोळीला गेली असताना मी तिचा फोन पाहिला. एका मुलाबरोबरचे वांद्र्याच्या बँडस्टँडवर काढलेले फोटो दिसले. तिचे बाबा तापट आहेत. फोन काढून घ्यावा का? आणि मासिकांतून या विषयावर लिहिल्याने मुलांना वाव मिळत नाही का?
(एक आई, दहिसर)

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. १९२७ साली मुंबईतूनच र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवर मोकळेपणाने लिहिणारे मासिक सुरू केले. त्यातील मजकुरावरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची नाहीत काय, हाच तेव्हाही मुद्दा होता. मुलांना प्रश्न पडतातच. आपण उत्तर दिले नाही तर ती ते मोबाइलवर शोधतात, आणि तेथे काय सापडेल यावर आपले नियंत्रण नसते.

आता फोन. तुम्ही काळजीने पाहिलात हे मी समजू शकते. परंतु भांडुपच्या मुलीचे पत्र कृपया पुन्हा वाचा. ज्या घरात फोन न विचारता तपासला जातो, त्या घरातल्या मुलीला पुढे कोणा मुलाने पासवर्ड मागितला तर त्यात वावगे वाटत नाही, कारण माया अशीच असते हे ती घरीच शिकलेली असते. फोन काढून घेतलात तर ती मैत्रिणीच्या फोनवरून बोलेल. बाबांना लगेच सांगितलेत आणि त्यांनी हात उगारला, तर तिच्यासाठी घरातले शेवटचे दार बंद होईल. ते दार उघडे असणे फार गरजेचे आहे. उद्या एखादा फोटो कोणी पसरवायची धमकी दिली, तर पहिल्या तासात तिने तुमच्याकडे यायला हवे. अशा वेळी स्क्रीनशॉट जपून ठेवायचे, पैसे किंवा आणखी फोटो मुळीच द्यायचे नाहीत आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करायची.

कायद्याची एक बाजू मात्र तिला स्पष्ट सांगा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची शारीरिक संबंधांना असलेली संमती कायदा मानत नाही, दोघांनी राजीखुशीने पाऊल उचलले असले तरीही, आणि याचे परिणाम त्या मुलालाही भोगावे लागू शकतात. हे धाक दाखवण्यासाठी सांगू नका, माहिती म्हणून सांगा. तिचे मित्र असणे, कोणी आवडणे, बँडस्टँडवर फोटो काढणे यांत गुन्हा काहीच नाही, हेही त्याच दमात सांगा.

सुरुवात तुमच्या चुकीपासून करा. संध्याकाळी दोघी भाजी निवडत बसाल तेव्हा म्हणा, "मी तुझा फोन न विचारता पाहिला, तसे करायला नको होते." ती चिडेल, कदाचित उठून जाईल. तिला जाऊ द्या. एकदोन दिवसांनी त्या मुलाविषयी विचारा, पण आधी आडनाव विचारू नका. त्याचा स्वभाव कसा आहे, तो रागावला की कसा वागतो आणि तिने नाही म्हटलेले त्याला चालते का, हे विचारा.