सांबार घट्ट करा, मग भाताचं बघू

या वेळी दक्षिणेत राहणाऱ्या मराठी वाचकांची पत्रं जास्त आलीत आणि बहुतेकांचा सूर एकच, की जेवण घरचंच, हॉटेलात फारसं जात नाही, तरी शुगर, बीपी नाहीतर वजन वाढतंय. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली पाच घेतलीत.

प्रश्न : ताई, मी लग्न होऊन कोईमतूरला तमिळ घरात आले. सासऱ्यांना शुगरची गोळी चालू आहे. सकाळी इडली-डोसा, दुपारी आधी सांबार-भात मग रसम-भात मग ताक-भात, रात्री परत डोसा. भात कमी करा म्हटलं की ते ताटावरून उठायच्या बेतात असतात, आणि सासूबाई म्हणतात आमच्या वडलांनी जन्मभर हेच खाल्लं. काय करू?

सासूबाईंचं अगदीच खोटं नाहीये, फक्त ते वडील दिवसभरात चालायचे किती हेही एकदा विचारून घ्या. आणि "भात कमी करा" हे वाक्य घरात काढूच नका, त्याने फक्त भांडण होतं. आधी सांबाराकडे बघा. बऱ्याच घरात चार माणसांच्या सांबाराला जेमतेम मूठभर तूरडाळ पडते, बाकी चिंचेचं पाणी आणि दोन शेंगा, मग पोट भरायला भातच लागणार ना. डाळ दुप्पट करा, त्यात भोपळा, वांगी, शेवगा, मुळा जे असेल ते भरपूर घाला, सांबार पळीतून धो धो न पडता जरा थांबून पडलं पाहिजे इतकं दाट हवं. असं सांबार असलं की त्याच भातात माणूस लवकर थांबतो.

दुसरं म्हणजे पोरियल, म्हणजे तिकडची परतलेली सुकी भाजी. केळीच्या पानाच्या कोपऱ्यात चमचाभर बीन्स वाढायच्या ही लग्नाच्या पंगतीतली रीत झाली, घरी कशाला? घरी पोरियल वाटीभर वाढा आणि आठवड्यातून तीन-चारदा कूटू करा, म्हणजे आपली मूगडाळ घातलेली दाटसर भाजी, पडवळ, कोबी, चवचव कशाचीही होते. कीरै म्हणजे पालेभाजी तर तुमच्याकडे आर. एस. पुरमच्या उळवर संदैत, म्हणजे शेतकरी बाजारात, ताजी ताजी मिळते, जुड्या आणून मसियल करा, म्हणजे पाला शिजवून घोटायचा, वरून लसूण-मिरचीची फोडणी, बास. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून दिवसाला निदान 400 ग्रॅम सांगते, चमच्या-चमच्याने ते होत नाही.

वाढताना आधी पोरियल-कूटू, ते निम्मं संपलं की भात. तिन्ही फेऱ्या राहू द्या, त्यांचं जेवण तसंच झालं पाहिजे, फक्त प्रत्येक फेरीला भात एकच लहान पळी. रसम भातावर ओतण्याऐवजी टंबलरमध्ये गरम गरम प्यायला दिलं तर काही मंडळी आपणहून ती फेरी सोडतात. आणि रात्रीच्या डोशाऐवजी अडै करा, तूर-हरभरा-उडीद तिन्ही डाळी आणि त्यात थोडा तांदूळ, जाडसर वाटायचं, आंबवायची गरज नाही, वर कांदा आणि शेवग्याचा पाला. दोन अडैत पोट भरतं, जिथे डोसे चार जायचे.

एक मात्र नीट ऐका, गोळी चालू असताना (किंवा इन्सुलिन असेल तर जास्तच) भात एकदम निम्म्यावर आणला तर शुगर खाली जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर. म्हणून हळूहळू करा आणि डॉक्टरांना आधी सांगा, डोस तेच बदलतील.

प्रश्न : बेंगळुरूत राहतो. इडली वाफवलेली, तेल नाही, सगळे म्हणतात हेल्दी. मग पाच इडल्या खाल्ल्यावर दोन तासांनी शुगर एवढी कशी येते?

कारण तेल नाही म्हणजे तांदूळ नाही असं होत नाही ना! साधारण घरात चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद असतो, त्यात दोन्ही बारीक वाटलेले, आंबलेले, मऊ शिजलेले, पचायला सोपे. आजाऱ्याला इडली देतात ती म्हणूनच, पण हीच गोष्ट शुगरवाल्याला नडते. उडदात प्रोटीन 24 टक्क्यांच्या आसपास, तांदळात 7-8, त्यामुळे उडीद वाढवला की हिशोब बदलतो. चाराला एक ऐवजी अडीचाला एक करून बघा. तांदळातला निम्मा भाग काढून राळा किंवा वरई घातली तरी चालते, कन्नडमध्ये नवणे आणि सामे म्हणून मागा, लगेच देतील.

उडीद जास्त झाला की इडली चिकट होते अशी तक्रार नेहमी येते. त्याचं कारण बहुतेक वेळा वाटण्यात असतं. उडीद वेगळा भिजवा, सोबत चमचाभर मेथी, आणि ग्राइंडरमध्ये फ्रीजचं गार पाणी थोडं थोडं शिंपडत अर्धा तास तरी फिरू द्या. मिक्सरचं भांडं तापतं आणि उडीद फुलत नाही. पिठाचा एक थेंब वाटीभर पाण्यात सोडायचा, तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फिरवा. तुमच्याकडे थंडीत आंबायला रात्र पुरत नाही, दुपारपर्यंत थांबा, सोडा टाकून घाई करू नका.

आणि पाच कशाला? तीन इडल्या, मोठी वाटी दाट सांबार, आणि पाचच पाहिजेत असं वाटलं तर आधी सांबाराची दुसरी वाटी घ्या. पाकिटातली ओट्स इडली आणावी का असंही तुम्ही विचारलंय. आणू नका. पाकिटामागे मिठाचा आकडा वाचलात तर मलाच विचारायची गरज पडणार नाही.

प्रश्न : आम्ही कोचीला. खोबरेल तेल वाईट की चांगलं? मोबाइलवर रोज वेगळं येतं.

खोबरेल तेलात सॅच्युरेटेड फॅट साधारण 90 टक्के, म्हणजे तुपापेक्षाही जास्त, आणि त्याने एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कॉफीत दोन चमचे टाकून प्या वगैरे जे फिरतंय ते सरळ सोडून द्या. पण म्हणून अवियलवर (खोबरं-दह्यातली मिसळीची भाजी) शेवटी कच्चं खोबरेल आणि कढीपत्ता पडतो तो बंद करायचा? मी नाही सांगणार, तो गेला तर अवियल कशाला करायचं. चमचाभर तिथे घाला आणि तळण, माशाची फ्राय, केळ्याचे वेफर्स यातलं तेल कमी करा, खरा खप तिथे आहे. दोन तेलं आलटून पालटून ठेवा, रोजच्या फोडणीला शेंगदाणा किंवा तिळाचं.

ओलं खोबरं वेगळी गोष्ट, त्यात फायबर असतं, फक्त फॅटही बरंच असतं. तोरणला, म्हणजे खोबरं घातलेल्या सुक्या भाजीला, मूठभर पुरतं, तिथे भाजी जास्त असते. चटणीत मात्र अख्खी वाटी जाते. तिथे निम्मं खोबरं आणि निम्मी दोडक्याची परतलेली सालं किंवा कोथिंबीर-डाळं करा, दोडक्याच्या सालांचं तोगयल, म्हणजे घट्ट वाटलेली चटणी, तर गरम भातावर खोबऱ्याच्या चटणीला मागे टाकतं. सकाळचं पुट्टू (तांदळाच्या पिठाचं वाफवलेलं) आणि कडला करी (काळ्या हरभऱ्याची उसळ) आहे तसंच चालू द्या, पुट्टूचा तुकडा लहान आणि हरभरे जास्त, एवढंच.

प्रश्न : विजयवाडा. यजमानांना बीपी आहे, पण आवकाय (इथलं कैरीचं तिखट लोणचं) आणि पापडाशिवाय घास उतरत नाही. भाजीतलं मीठ मी अगदी कमी केलंय.

म्हणूनच तर लोणचं जास्त लागतंय! भाजी अळणी झाली की हात बरणीकडे जाणारच. दिवसाचं मीठ सगळं धरून 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि लोणचं, पापड, ताकातल्या वाळवलेल्या मिरच्या, पोडी म्हणजे कोरडी चटणी यांचं मीठ आपण धरतच नाही. भाजीत चवीपुरतं घाला, चिंच, लिंबू, कैरी, मिरी, भरपूर कढीपत्ता वापरा, आंबट चवीने मीठ कमी असल्याचं कळत नाही. गोंगुरा पप्पू म्हणजे अंबाडी घातलेलं वरण करा, अंबाडीच्या आंबटपणातच काम होतं. भातासाठी जे मीठ घालता ते तर आजच थांबवा. आवकायची फोड एक, ताटात काढून, बरणी परत कपाटात. पापड घरी करत असाल तरी त्यात मीठ आणि पापडखार दोन्ही असतात, त्यामुळे "घरचा आहे" याने फरक पडत नाही.

लो सोडियम मिठाचं विचारलंत, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं होऊ शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नका.

प्रश्न : म्हैसूरला बदली झाली. वजन कमी करायला भात सोडून रागी मुद्दे सुरू केले, दोन मोठे गोळे दुपारी, दोन रात्री. वजन हलत नाही.

हलणार कसं, रागी म्हणजे आपली नाचणी, तीही धान्यच आहे, कॅलरी तांदळाएवढ्याच जवळपास. नाचणीचं कौतुक कॅल्शियमसाठी, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि फायबरसाठी, ते खरंच आहे. पण चार मोठे गोळे म्हणजे शेतात राबणाऱ्याचा खुराक, तुमचं काम खुर्चीवरचं. एक मध्यम गोळा घ्या आणि सोबत बस्सारू, म्हणजे पालेभाजी आणि कडधान्य उकडून त्याच पाण्याचं सारू, आणि उकडलेल्याचं पल्य, म्हणजे सुकी भाजी. पल्य जास्त, मुद्दे कमी. बाजूला मूगडाळ-काकडीची कोसंबरी, फोडणीशिवायही छान लागते. रात्री गोळा घेतलाच पाहिजे असं काही नाही, नुसतं बस्सारू आणि पल्य खाऊन झोपलात तरी भूक लागत नाही. दुपारी मुद्दे गिळताना सारू वाटीतून वर वर घेत राहा, तसं तिथली मंडळी खातातच, तुमचा एक गोळा मग आपोआप पुरेल.