मिरगी आणि मनावरचा ताण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मिरगीबद्दलच्या पत्रांत एरवी गोळ्या, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) आणि एमआरआयचेच प्रश्न जास्त असतात. या वेळची पत्रं भीती, लपवाछपवी आणि घरातल्या ताणाबद्दल आहेत, म्हणून ती एकत्र घेतली. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, नागपुरात मानेवाड्याला राहतो, मिहानमध्ये एका आयटी कंपनीत आहे. दहावीपासून मिरगी आहे, ऑफिसमध्ये कुणालाच माहीत नाही. अलीकडे दोन झटके आले, दोन्ही डेडलाइनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आता मीटिंग सुरू झाली की छातीत धडधडतं, इथेच फिट आली तर? ताणामुळेच झटके येतात का?

ताणाचा हात आहेच, पण तो कुठल्या वाटेने येतो ते बघा. डेडलाइनच्या रात्री किती वाजता झोपलात? जेवलात का? रात्रीची गोळी घेतली होती, की ‘घरी जाऊन घेतो’ म्हणता म्हणता राहून गेली? झटका कशाने आला असं विचारलं की पेशंट बहुतेक वेळा ‘टेन्शन’ म्हणतात. जरा खोदून विचारलं की त्या टेन्शनच्या मागेपुढे अर्धवट झोप किंवा चुकलेली गोळी सापडते. काही प्रकारच्या मिरगीत जागरणानंतर सकाळी, उठल्या उठल्या झटका येणं हे अगदी ठरलेलं असतं. म्हणून एक वही घाला. कधी झोपलो, गोळी कधी घेतली, दिवस कसा गेला, झटका आला का, एवढंच लिहायचं. पुढच्या भेटीत ती न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

मीटिंगमधली धडधड तुमच्या वर्णनावरून झटक्याची वाटत नाही. ती भीतीची आहे आणि लपवण्याने वाढते आहे. दिवसभर ‘कुणाला कळू नये’ म्हणून स्वतःवर पहारा ठेवायचा, तर मन थकणारच. सगळ्या ऑफिसला सांगायची गरज नाही. शेजारच्या टेबलावरच्या एकाच भरवशाच्या माणसाला चहाच्या वेळी सांगा : ‘मला मिरगी आहे, औषध चालू आहे. कधी पडलो तर कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव. तोंडात चमचा, पाणी काही घालू नको, हातपाय दाबून धरू नको, चप्पल किंवा कांदा हुंगवू नको. घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन कर.’ हे सांगून झाल्यावर बऱ्याच जणांना पहिल्यांदाच नीट झोप लागते, असा माझा अनुभव आहे.

गाडीबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मीच लिहिते. झटके चालू असताना दुचाकी चालवू नका. लायसन्सच्या अर्जातही मिरगीबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं. आपल्या शहरात तरण्या मुलाने गाडी सोडणं किती जिवावर येतं हे मला ठाऊक आहे. पण मेट्रो खापरीपर्यंत जाते, तिने जा.

प्रश्न : नवरात्रात नऊ दिवस उपास आणि शेवटच्या रात्री जागरण करते. मिरगीच्या गोळ्या चालू आहेत. चालेल का?

जागरण नको. उपास करायचाच असेल तर गोळ्या रोजच्या वेळेलाच घ्या आणि पोट रिकामं ठेवू नका. उपासाला औषध चालतं, हे घरातल्या थोरांकडूनच वदवून घ्या, म्हणजे मनाला टोचणी राहणार नाही.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची गोळी दोन महिन्यांपूर्वी बदलली, आता लेव्हेटिरासिटाम चालू आहे. झटके थांबले, पण माणूसच बदलला. जेवणात मीठ कमी पडलं तरी ताट सरकवतात, मुलांवर ओरडतात, रात्री एकटे बसून राहतात. आजाराचं टेन्शन समजायचं की आणखी काही?

ताई, तुम्ही गोळीची तारीख आणि स्वभावातला बदल एकत्र मांडलात, हे फार उपयोगी आहे. या औषधाने काही जणांची चिडचिड वाढते, मन उदास होतं, आणि ते बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांतच दिसू लागतं. त्यात त्यांचाही दोष नाही, तुमचाही नाही. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केली तर न थांबणारे झटके येऊन जिवावर बेतू शकतं. याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि पत्रात लिहिलंत तसंच, ताट सरकवण्यासकट सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलताही येतं.

दुसरी शक्यता उदासीनतेच्या आजाराची आहे. मिरगी असलेल्या साधारण चौघांपैकी एकाला तो गाठतो आणि ओपीडीच्या गर्दीत ‘झटके किती आले’ एवढं विचारून झालं की तो मागे पडतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा. उदासीनतेच्या गोळ्यांनी झटके वाढतील ही भीती मनात धरू नका. एसिटालोप्राम, सर्ट्रालिनसारखी औषधं मिरगीत सर्रास दिली जातात. मरणाची भाषा ऐकू आली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीही बोलता येतं.

प्रश्न : मुलगी २५ वर्षांची आहे, तीन वर्षांत एकही झटका नाही. स्थळं येताहेत. नातेवाईक म्हणतात, सांगू नका, लग्न झालं की आपोआप बरं होतं. तेव्हापासून ती गप्प गप्प असते.

लग्नाने मिरगी बरी होत नाही. सांगा, असंच मी म्हणेन.

न सांगता लग्न झालं तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा. हळद, लग्न, गोंधळ, पाहुणे, तीन-चार रात्री धड झोप नाही. गोळ्यांची पट्टी साड्यांच्या घडीत लपवलेली. नव्या घरात गोळी घ्यायला निवांत कोपरा मिळेना, म्हणून एक डोस राहिला. तीन वर्षं न आलेला झटका नेमका त्याच आठवड्यात सासरी सगळ्यांसमोर येतो, आणि मग आजारापेक्षा ‘फसवलं’ या शब्दाचं ओझं तिला वाहावं लागतं.

कायदा आता तिच्या विरोधात नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मिरगीचा अडसर होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. लपवल्यावरून होणारे वाद मात्र थांबलेले नाहीत. पहिल्याच फोनवर सांगायची घाई नको. दोन्हीकडून पसंती दिसली की साखरपुड्याआधी मुलीनेच मुलाला सांगावं आणि शक्य तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावं. मिरगी असलेल्या आईबापांच्या बहुतेक मुलांना मिरगी होत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. मुलीला व्हॅल्प्रोएट ही मिरगीची गोळी चालू असेल तर लग्नाची बोलणी सुरू होण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टशी बोला, कारण गर्भाच्या दृष्टीने ते धोक्याचं आहे. गर्भासाठी घ्यायच्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाबद्दलही तेव्हाच विचारा.

काही स्थळं परत जातील. प्रत्येक नकार तिला लागेल, त्यासाठी घरातल्यांनी तयार राहायला हवं. आणि एक सांगू? अख्ख्या पत्रात मुलीला काय हवंय याचं एक वाक्य नाही. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसून तेवढं विचारा.

प्रश्न : बहिणीला लग्नानंतर झटके सुरू झाले. ईईजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले ताणाचे झटके आहेत. सासरचे म्हणतात सोंग करते. एका बाबाकडेही नेलं होतं. मी उमरेडहून लिहितो आहे.

दादा, बहिणीची बाजू घेऊन लिहिलंत, बरं केलंत. ती सोंग करत नाही. मनावरचा ताण शरीरातून झटक्यांच्या रूपाने बाहेर पडतो, तिच्या इच्छेवर नसतो. खऱ्या मिरगीत मेंदूत विजेचा लोळ उठतो, इथे तो नसतो. म्हणून मिरगीच्या गोळ्यांनी हे झटके थांबत नाहीत. समुपदेशनाने बऱ्याच जणींचे कमी होतात.

पण एका नॉर्मल ईईजीवर निकाल देऊ नका. मिरगी असूनही ईईजी नॉर्मल येऊ शकतो, आणि काहींना दोन्ही प्रकारचे झटके असतात. पुढचा झटका आला की मोबाइलवर व्हिडिओ काढा, डोळे उघडे आहेत की मिटलेले ते दिसू द्या. तो न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि व्हिडिओ-ईईजी (व्हिडिओ आणि ईईजी एकाच वेळी नोंदवणारी तपासणी) करता येईल का विचारा. सध्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.

तिला काही दिवस माहेरी आणून एकांतात विचारा, तिथे तिला कशाचा त्रास आहे? मारहाण, पैशांची मागणी असं काही निघालं तर आधी तिला सुरक्षित करा. त्या घरातच राहून उपचाराला गुण येईल अशी अपेक्षा धरू नका.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. तो आंघोळीला गेला की मी दाराशी बसून राहते, आतून आवाज थांबला की हाक मारते. तो आता माझ्यावर चिडतो. काय करू?

कडी लावायची नाही, दारावर ‘आत आहे’ अशी पाटी लटकवायची, स्टुलावर बसून मगाने आंघोळ करायची आणि आत गुणगुणत राहायचं, एवढं त्याच्याशी ठरवून घ्या. मग तुम्ही स्वयंपाकघरात जा. पोहणं किंवा गच्चीच्या कठड्याजवळ खेळणं यांत सोबत हवीच. क्रिकेट, सहल, मित्राचं घर सोडायला लावू नका. तुमचीही झोप कित्येक महिने मोडलेली दिसते, तेव्हा रात्री लक्ष ठेवायची पाळी घरातल्या दुसऱ्या कुणाशी वाटून घ्या. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या खोलीत थोडा वेळ त्याला एकट्याला जाऊ द्या. १५ वर्षांच्या मुलाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा आईच देते, आणि त्याला विचारायचं असतं ते तसंच राहून जातं.