लॅपटॉप बिघडला, खाजगी की (एन्क्रिप्टेड मेल उघडणारी गुप्त डिजिटल किल्ली) गेली. नवीन सर्टिफिकेट घेतलं तर जुने एन्क्रिप्टेड मेल उघडतील का?

नाही, नवीन सर्टिफिकेटने जुने मेल उघडणार नाहीत. ते जुन्या पब्लिक कीने बंद केलेले आहेत, त्यामुळे जोडीची जुनीच खाजगी की लागेल. पण ते सर्टिफिकेट तुमच्या कंपनीच्याच विंडोज सर्टिफिकेट सर्व्हरने दिलेलं असेल, तर ॲडमिनला विचारा, सर्टिफिकेटच्या टेम्प्लेटमध्ये (साच्यात) 'की आर्काइव्हल', म्हणजे खाजगी कीची प्रत सर्व्हरवर जपणं, तेव्हा चालू होतं का? (आज चालू करून मागची की मिळत नाही.) चालू असेल तर कीची प्रत सीएच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या त्याच सर्व्हरच्या) डेटाबेसमध्ये, रिकव्हरी एजंटच्या (की परत मिळवून द्यायला नेमलेल्या माणसाच्या) पब्लिक कीखाली कुलूपबंद असते. सर्टिफिकेट मॅनेजर (सर्व्हरवर सर्टिफिकेटं सांभाळणारा माणूस) सर्टिफिकेटचा सिरियल नंबर देऊन सर्टयुटिल या विंडोज कमांडच्या 'गेटकी'ने ती बाहेर काढतो, रिकव्हरी एजंट 'रिकव्हरकी'ने उघडतो आणि पासवर्ड लावलेली पीएफएक्स फाइल (सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी की एकत्र असलेली) हातात येते. ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांकडेच असावीत, ऑफिस कितीही छोटं असो. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला गाळाने भरलेल्या लॅपटॉपची की मी याच वाटेने परत मिळवली आहे, कारण सर्व्हर वरच्या मजल्यावर होता. रिकव्हरी एजंटच्या स्वतःच्या कीची प्रतही म्हणूनच दुसऱ्या गावी ठेवा. तीच गेली तर सगळं आर्काइव्ह निकामी.

हे फक्त एन्क्रिप्शनच्या कीसाठी. जीएसटी किंवा आयकराच्या सहीचं यूएसबी टोकन हरवलं असेल तर त्यातली की परत मिळत नाही आणि मिळूही नये, नाहीतर तुमच्या नावाने दुसरा कुणी सही करेल. ते सर्टिफिकेट लगेच रद्द करून नवीन घ्या. जुन्या सह्या तपासायला पब्लिक की पुरते.